हानलेच्या थंडीत डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन मिनिटभरात बंद पडते

लडाखच्या चांगथांग पट्ट्यात, म्हणजे हानले, त्सो मोरीरी, त्सो कार या बाजूला, किंवा स्पितीत काझाच्या मागेपुढे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत तंबू टाकून राहणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी सकाळी उठतच नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून स्वतःची गाडी घेऊन जाणारी बरीच कुटुंबं आता या दिवसांत तिकडे असतात, आणि दर वर्षी कुणाचा तरी फोन येतो. मी स्वतः तीनदा यातून गेलोय. पहिल्या वेळी दीड दिवस जागचा हललो नाही, आणि त्यातला एक दिवस माझ्याच हाताने वाया गेला. म्हणून जरा विस्ताराने लिहितोय.

सगळ्यात आधी एक करा: किल्लीवरचा किंवा बटणावरचा हात काढा. पहिल्या प्रयत्नात गाडी लागली नाही की माणूस लागोपाठ सेल्फ मारत राहतो. मीही तेच केलं होतं. वीस मिनिटांत बॅटरी बसली आणि एका दुखण्याची दोन दुखणी झाली. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, आणि मग किमान दोन मिनिटं थांबायचं. त्या दोन मिनिटांत काय ऐकलं ते आठवायचं. निदान बहुतेक वेळा त्या आवाजातच असतं.

आवाज मंद, ओढून आणल्यासारखा, किंवा नुसताच ‘टक’ असा आला तर दोष बॅटरीकडे किंवा घट्ट झालेल्या इंजिन ऑइलकडे आहे. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय, मागून पांढरा धूर येतोय, पण धरत नाहीये, तर सिलिंडरमध्ये पुरेशी उष्णता तयार होत नाहीये. आणि गाडी चटकन सुरू झाली, अर्धा-एक मिनिट छान चालली आणि मग मान टाकल्यासारखी बंद पडली, तर डिझेल थिजलंय. तंबूवाल्यांना सर्वात जास्त छळणारा आणि सर्वात कमी ओळखला जाणारा प्रकार हाच, तेव्हा आधी तोच घेतो.

डिझेल थिजणं

आपल्याकडे डिसेंबरात न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली सकाळी पांढरी झालेली असते, तसंच हे. डिझेलमध्ये मुळातच थोडं मेण असतं. गारठा वाढला की त्याचे बारीक कण तयार होतात आणि डिझेल ढगाळ दिसू लागतं. ते अजून वाहत असतं, टाकी हलवली तर डुचमळतंही. पण फिल्टरच्या कागदाची छिद्रं इतकी बारीक असतात की हे कण तिथे साचून त्याच्यावर लेप बसतो. फिल्टरच्या पुढच्या नळीत आणि पंपात रात्रीचं थोडं स्वच्छ डिझेल शिल्लक असतं, त्यावर गाडी सुरू होते. ते संपलं की उपासमार. म्हणूनच सुरू होऊन बंद पडणं ही थिजलेल्या डिझेलची खूण आहे.

पंजाबात भरलेलं डिझेल हानलेत का चालत नाही, हे समजायला एक आकडा पुरतो. डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, फिल्टर कोणत्या तापमानापर्यंत तुंबता कामा नये याची मर्यादा आहे: उन्हाळी डिझेलला १८ अंश, हिवाळी डिझेलला ६ अंश. ही कमाल मर्यादा झाली, पंपावर मिळणारं डिझेल याहून बरंच सरस असू शकतं. पण ते मैदानी मुलखासाठी बनवलेलं आहे, एवढं त्यातून कळतं. हानले गाव सुमारे ४,३०० मीटरवर आहे, आणि ऑक्टोबरच्या मध्याला तिथे पहाटेचा पारा उणे दहाच्या खाली गेलेला मी माझ्या तापमापीवर पाहिलाय. लडाखसाठी वेगळं डिझेल लागतं हे ओळखूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. त्याआधी तिथले ट्रकवाले कसे दिवस काढत असतील, याची कल्पना एका सकाळच्या अनुभवावरून येते.

माझ्या बाबतीत झालं असं. जम्मूच्या अलीकडे टाकी फुल्ल केली, सोबत वीस लिटरचा कॅन भरला, आणि लेहमध्ये काटा अर्ध्याच्या वर होता म्हणून डिझेल भरलंच नाही. हानलेत पहिल्या पहाटे गाडी सुरू झाली, मी हात चोळत बाहेर उभा, आणि ती बंद. मग वर लिहिल्याप्रमाणे बॅटरी घालवली. ज्यांच्या अंगणाशेजारी तंबू लावला होता त्या आमा-ले (लडाखीत आईंना आदराने असं म्हणतात) चहाचा थर्मास घेऊन आल्या, गाडीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, “धूप आने दो.” मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या गाडीवरून बॅटरीला जोड मिळाली त्या ड्रायव्हरदादांनी फिल्टर उघडला. तो रंगीत झाकणाचा डबा उन्हाकडे धरून दाखवला तेव्हा कागदाच्या घड्यांमध्ये साजूक तूप थिजावं तसा पिवळट-पांढरा थर अडकलेला होता. बोटाने उचलला तर बोटाच्या उबेनेच विरघळून परत डिझेल झाला. तेव्हा आमा-लेंचं म्हणणं डोक्यात शिरलं.

उपाय उबेचाच. फक्त ऊब कुठे आणि कशी द्यायची, हे नीट ठरवायला हवं. अख्खी टाकी गरम करायची गरज नसते, फिल्टर मोकळा झाला की बहुतेक वेळा काम होतं. फिल्टर कुठे आहे ते घरूनच पाहून ठेवा. काही गाड्यांत तो बोनेटखाली असतो, काहींत खाली चासीजवळ. पाणी गरम करा, त्यात जाड फडकी बुडवून पिळून फिल्टरला गुंडाळा, दर काही मिनिटांनी बदला. याहून सोपं म्हणजे घरात शेक द्यायला असते ती रबराची गरम पाण्याची पिशवी. ती फिल्टरला टेकवायची, वरून टॉवेल बांधायचा, आणि वीस मिनिटं सोडून द्यायचं. तेव्हापासून माझ्या सामानात कायम दोन पिशव्या असतात: रात्री पांघरुणात, सकाळी फिल्टरवर. उकळतं पाणी थेट ओतू नका. थंडगार प्लॅस्टिकला तडा जाऊ शकतो, शिवाय सांडलेलं पाणी पायाखाली गोठून घसरगुंडी होते. या उंचीवर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं, तरी झटका बसायचा तो बसतोच.

शेक दिल्यावर सेल्फ न मारता नुसतं इग्निशन चालू करून वीस-तीस सेकंद थांबा, बंद करा, असं तीन-चार वेळा करा. टाकीत विजेचा पंप असेल तर त्याने नळ्या भरतात. फिल्टरवर हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा. गाडी सुरू झाली की लगेच रेटू नका. दहा-पंधरा मिनिटं ती जागेवर चालू द्या. बऱ्याच गाड्यांत इंजिनकडून परतणारं कोमट डिझेल टाकीत येतं आणि बाकीचं काम आपोआप होतं. त्याआधीच घाट चढायला घेतलात तर अर्धवट तुंबलेला फिल्टर पुरेसं डिझेल देत नाही आणि गाडी चढावर दम टाकते.

सामानाच्या पेटीत एक नवा फिल्टर आणि तो उघडायचा पाना ठेवाच. पण नवा फिल्टर बसवताना तो कॅनमधल्या डिझेलने वरून भरू नका. आताच्या कॉमन रेल, म्हणजे खूप उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनात न गाळलेला कणही इंजेक्टरला पुरतो. कोरडाच बसवा आणि पंपाने भरू द्या. फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं, तेही पाहा. त्या पाण्याचा बर्फ झाला तर लक्षणं हुबेहूब मेणासारखीच दिसतात. शेक दिल्यावर खालचा स्क्रू सैल करून ते काढून टाकलं नाही, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

आता काय करू नये. टाकीखाली स्टोव्ह किंवा शेकोटी लावू नका. जुन्या ट्रकांखाली असं करताना लोक दिसतात, पण आपल्या गाडीची टाकी आणि नळ्या प्लॅस्टिकच्या आहेत. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळू नका. रॉकेल मिसळायचा सल्ला जुने जाणते देतात, त्यांच्या जुन्या इंजिनांना ते चालूनही गेलं असेल. आताच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, ते पातळ केलं तर पंप घासतो, आणि तो पंप हानलेत दुरुस्त होत नाही. रेशनचं रॉकेल गाडीत घालणं कायद्यानेही गुन्हा आहे. थंडीसाठीचं औषध, म्हणजे डिझेल थिजू न देणारं द्रव्य, बाजारात मिळतं आणि ते उपयोगी आहे. पण ते डिझेल स्वच्छ असतानाच घालायचं असतं. ते मेणाचे कण वाढू देत नाही, झालेलं मेण वितळवत नाही. सकाळी थिजलेल्या टाकीत ओतलं तर पैसे पाण्यात.

आणि एक साधी युक्ती, जी मला सर्वांत जास्त उपयोगी पडली. रात्री झोपायच्या आधी एका पारदर्शक बाटलीत कॅनमधलं थोडं डिझेल घ्यायचं आणि गाडीच्या चाकाशी ठेवून द्यायचं. कॅन आणि टाकी एकाच पंपावर भरलेली असली पाहिजेत. पहाटे टॉर्च मारून बघायचं. डिझेल नितळ असेल तर सेल्फ मारा. ढगाळ असेल तर किल्लीला हात न लावता आधी पाणी तापवायला ठेवा. नुसत्या या बाटलीमुळे पुढच्या दोन ट्रिपांत माझी बॅटरी वाचली.

इंजिनच फिरत नाही

शिशाच्या बॅटरीची गाडी सुरू करण्याची ताकद शून्य अंशाला साधारण एक तृतीयांश कमी होते, उणे १८ ला निम्म्याहून जास्त. त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. त्यात आपण रात्रभर फ्रिज, दिवे, मोबाईल चार्जर, पार्किंगमध्ये चालू राहणारा डॅशकॅम हे सगळं त्याच बॅटरीवर ठेवलेलं असतं. तंबूची वीज आणि गाडीची वीज वेगळी ठेवा, याला पर्याय नाही. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्या. पुण्यात ती कुरकुर न करता चालते, कारण पुण्यात तिची परीक्षाच होत नाही. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपैकी थंडीला चालणारं घ्या. डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं: ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. पहाटे फरक कानाला कळतो.

दुसऱ्या गाडीवरून जोड देताना क्रम चुकवू नका. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या बॅटरीला नाही, तर तिच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे आठ-दहाच्या आसपासही गोठू शकते. ती फुगलेली दिसली किंवा आत बर्फ वाटला तर जोड देऊ नका, फुटते. आणि धक्का मारायच्या फंदात पडू नका. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने लागतच नाही, आणि या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असताना दोन टनांची गाडी ढकलणं म्हणजे स्वतःलाच आजारी पाडणं. आमच्यातला एक तिशीतला, रोज धावणारा मित्र पन्नास पावलं ढकलून खाली बसला होता. त्याचे ओठ निळे पडलेले मी पाहिले आहेत.

फिरतं, पांढरा धूर येतो, पण धरत नाही

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. हवा विरळ आणि गार, म्हणजे उष्णता कमी. पांढरा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल. इथे हीटर प्लग, म्हणजे सिलिंडर आधी तापवणारे विजेचे प्लग, कामी येतात. इग्निशन चालू करून डॅशबोर्डवरचा गुंडाळीच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग बंद करून पुन्हा एकदा, गरज पडली तर तिसऱ्यांदा तसंच करा, आणि नंतरच सेल्फ मारा. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबलं की नुसतं इग्निशन चालू होतं. चार प्लगपैकी एखादा गेलेला असेल तर मैदानात पत्ताही लागत नाही, म्हणून गॅरेजमध्ये चारही मोजून घ्या. ते दहा मिनिटांचं काम आहे.

अ‍ॅडब्लूबद्दल, म्हणजे बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या युरियाच्या द्रावणाबद्दल, बरेच जण घाबरतात. ते उणे ११ ला गोठतं हे खरं, पण त्याच्या टाकीत हीटर असतो, आणि गोठलं म्हणून गाडी सहसा अडत नाही. ते संपलं तर मात्र डॅशबोर्डवरची उरलेल्या किलोमीटरची उलटी मोजणी पूर्ण झाल्यावर गाडी पुन्हा सुरू होऊ देत नाही. सोबत एक कॅन ठेवा, विषय संपला.

कूलंटकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे कूलंट कमी झालं की साधं पाणी टाकायची सवय आहे आणि उष्ण हवेत ती खपूनही जाते. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर ते उणे ३५ पर्यंत गोठत नाही. चार वेळा नळाचं पाणी घातलेलं मिश्रण किती अंशांना गोठेल ते सांगता येत नाही, आणि गोठलं तर इंजिनाला तडा जातो. निघण्यापूर्वी मोजून घ्या. रंग फिका दिसला तर न मोजताच बदला. सकाळी सुरू करताक्षणी पट्टा किंचाळला तर इंजिन ताबडतोब बंद करा, पाण्याचा पंप बर्फात अडकलेला असू शकतो.

आदल्या संध्याकाळी

सकाळचं हे दुखणं बहुतेक वेळा आदल्या दिवशीचं असतं. लेहमध्ये शक्यतो रिकामी टाकी घेऊन पोहोचा, पंपावर लडाखचं ते खास हिवाळी डिझेल आलंय का विचारा, आणि तेच टाकी व कॅन दोन्हींत भरा. भरल्यावर गाडी वीस-तीस किलोमीटर चालू द्या, म्हणजे जुनं डिझेल फिल्टरमधून निघून जाईल. नुसती टाकी बदलून भागत नाही. हानलेकडे जाताना कारूचा पंप सोडू नका. पुढे उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा असा लांबचा पल्ला आहे, आणि खालच्या गिअरमध्ये ॲव्हरेज चांगलंच उतरतं.

तंबू ओढ्याकाठी लावायचा मोह आवरा. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून वाहून तळाशी साचते. पन्नास-शंभर फूट वरच्या सपाटीवर पहाटे दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि डिझेलला तो पुरतो. गाडीचं तोंड पूर्वेकडे ठेवा, पहिलं ऊन बोनेटवर पडू द्या. इंजिन निवल्यावर बोनेटखाली घोंगडी टाकली तर ऊब टिकते, पण ती काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. त्यासाठी मी घोंगडीची दोरी स्टिअरिंगला बांधून ठेवतो. स्टोव्हचं गॅसचं डबडं रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, नाहीतर पाणी तापवायच्याच वेळी ज्योत मिणमिणते. ऊब राहावी म्हणून इंजिन रात्रभर चालू ठेवून गाडीत झोपणं साफ टाळा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

संध्याकाळी नाला ओलांडून आला असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओली केबल आणि पॅड रात्रीत गोठतात, आणि सकाळी सुरू झालेली गाडीही जागची हलत नाही. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

एवढं करूनही सकाळी अकरापर्यंत गाडी लागली नाही, तर मदतीला माणूस तेव्हाच पाठवा. ऊन चढतं ते दुपारी दोन-तीनपर्यंत. त्या वेळेत शेक दिला तर गाडी लागायची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि चारनंतर सगळं पुन्हा गोठायला लागतं. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, तेव्हा गाडीतल्या निदान एकाजवळ पोस्टपेड नंबर असू द्या. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात बेकायदा आहे, त्यामुळे तो भरवसा धरू नका. रात्री तंबू लावतानाच जवळचं घर कुठे आहे आणि तिथपर्यंत पायी किती वेळ लागेल, ते विचारून ठेवा.